मोठ्यांची न्यूमोनियाची लस: तेरा, वीस, तेवीसच्या घोळात न अडकता

घरात ठरतं की आईला न्यूमोनियाची लस द्यायची. मुलगा औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार विचारतो, “तेराची देऊ की तेवीसची?” मुलगा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “तेवीसची द्या, त्यात जास्त असेल.” तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना हे मी पुन्हा पुन्हा बघतो. मोठा आकडा म्हणजे भारी लस, असं या बाबतीत नाही. आधी पेशंटचं वय, त्याचे आजार आणि पूर्वी काय टोचलंय ते बघायचं, आकडा सगळ्यात शेवटी. हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं ते इथे सांगतो. ज्यांनी या लसीचं नाव पहिल्यांदाच ऐकलंय, त्यांच्यासाठी मुख्यतः हा लेख आहे.

पायरी १: आजार समजून घ्या

या जंतूचं पूर्ण नाव स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए. रोजच्या बोलण्यात न्यूमोकोकस. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना तो एकाच वर्षी, स्वतंत्रपणे सापडला. स्टर्नबर्ग यांनी तर स्वतःचीच लाळ सशांना टोचली होती. माणूस धडधाकट, पण जंतू त्याच्या तोंडात होताच. आजही तसंच आहे. लहान मुलांच्या नाकाघशात तो सर्रास असतो, खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याकडे जातो आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही.

घात होतो तो शरीराची राखण ढिली पडल्यावर. फ्लूने श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटलं, साखर बेताल झाली, वय झालं, की हाच जंतू फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. तिथून रक्तात गेला तर सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं), मेंदूच्या आवरणात गेला तर मेनिंजायटिस. या शेवटच्या दोन प्रकारांना आम्ही ‘आत घुसलेला’ आजार म्हणतो. जीव जाण्याचा धोका तिथे सगळ्यात जास्त असतो, आणि लसीचा सगळ्यात पक्का उपयोगही तिथेच होतो. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरून देशभर पसरलेला इन्फ्लुएन्झा आपल्याकडच्या जुन्या घरांच्या आठवणीत आहे. त्या साथीवरच्या नंतरच्या अभ्यासांत दिसलं की जगभर बहुतेक मृत्यू फ्लूच्या मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, आणि त्या जिवाणूंत न्यूमोकोकस ठळक होता. म्हणून फ्लूची लस आणि ही लस, दोन्ही मी एकत्रच सुचवतो.

आता या जंतूची जी खोड आहे, तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. न्यूमोकोकसच्या अंगाभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. कवच आहे म्हणून आपल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. कवचाच्या घडणीवरून या जंतूचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत, आणि एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (जंतूला ओळखून त्याला चिकटणारी रक्तातली प्रथिनं) दुसऱ्या प्रकाराला ओळखतीलच असं नाही. (न्यूयॉर्कमध्ये १९४४ साली ओस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए आहे हे दाखवलं, ते याच जंतूच्या कवचाचा माग काढता काढता. एवढ्याशा जंतूने विज्ञानाला किती मोठी गोष्ट दिली, याचं मला फार अप्रूप आहे.) लसीवरचा आकडा म्हणजे ती यातल्या किती प्रकारांना ओळखायला शिकवते ते. आकड्याचा अर्थ तेवढाच.

पायरी २: आपण यादीत बसतो का, ते तपासा

वयाने सुरुवात करा. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला ही लस सुचवली जाते; त्याआधी तिथे पासष्टची अट होती. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातून ही लस मिळते ती बाळांना, मोठ्यांना नाही. त्यामुळे मोठ्या माणसाचा निर्णय शेवटी डॉक्टर आणि घरचे मिळून घेतात. पासष्ट ओलांडलेल्या माणसाला ही लस द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पन्नास ते पासष्टच्या मध्ये असाल तर आजारांकडे बघून ठरवा.

वय कमी असलं तरी ज्यांनी विचारायलाच हवं असे लोक बरेच आहेत. मधुमेह. दमा आणि सीओपीडी (श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार), मग तो विडी-सिगारेटने झालेला असो की आयुष्यभर चुलीचा धूर घेतल्याने. सध्या चालू असलेली विडी-सिगारेट. हृदय कमजोर असणं, लिव्हरचा जुना आजार, दारूचं व्यसन. मूत्रपिंडं निकामी होत चाललेली किंवा डायलिसिस चालू. एचआयव्ही, कॅन्सर आणि त्याची किमो, अवयव बदललेला असणं, संधिवातासाठी किंवा इतर कशासाठी जास्त मात्रेत स्टिरॉइड चालू असणं. कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असणं, किंवा डोक्याच्या जखमेनंतर मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असणं.

यादीतला एक गट मला वेगळा सांगायचाय, कारण तो नेहमी राहून जातो: प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेला अवयव) नसलेले किंवा ती काम करत नसलेले लोक. कवचधारी जंतू रक्तातून गाळून काढण्याचं मोठं काम प्लीहेचं. अपघातात प्लीहा फाटून काढावी लागली, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात काढली, किंवा सिकलसेलमध्ये (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) ती लहानपणापासून झिजून निकामी झाली, तर हा जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतो. विदर्भात, गडचिरोलीकडे आणि तिकडे नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची कितीतरी घरं आहेत. त्या घरांतली मुलं मोठी होतात, कामाला लागतात, पुण्या-मुंबईला जातात, आणि वेदनांच्या गोळ्यांपलीकडे या लसीचा विषय कुणी काढत नाही. तुमच्या ओळखीत सिकलसेल असलेला पंचवीस वर्षांचा तरुण असेल तर हा लेख आधी त्याच्याकडे पाठवा, आजोबांना मागाहून पाठवलात तरी चालेल. प्लीहा ठरवून काढायची असेल तर लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायची असते. तारीख ठरली की सर्जनला त्याच दिवशी विचारा. किमो सुरू व्हायच्या आधीही हेच विचारून ठेवा.

पायरी ३: आकड्यांचा अर्थ लावा

लसींची घराणी दोन.

पहिलं घराणं पीपीएसव्ही. हिच्यात फक्त कवचाची साखर असते. १९७७ मध्ये ती चौदा प्रकारांची होती, १९८३ मध्ये तेवीस प्रकारांची आली आणि अजून तीच चालते. तेवीसची म्हणतात ती ही. नुसत्या साखरेला शरीर प्रतिसाद देतं, पण तो फार काळ टिकत नाही. आठवण ठेवणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत, आणि काही वर्षांत संरक्षण उतरत जातं.

दुसरं घराणं पीसीव्ही. हिच्यात तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. बहुतेक लसींत हे प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी केलेलं रूप. प्रथिन दिसलं की टी-पेशी (प्रतिकाराला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) कामाला लागतात, प्रतिसाद सरस होतो आणि आठवण राहते. २००० साली बाळांसाठी सात प्रकारांची आली, २०१० मध्ये तेराची, २०२१ मध्ये पंधरा आणि वीसची, आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेत एकवीसची, तीही फक्त मोठ्यांसाठी.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. तेवीसच्या लसीत तेराच्या लसीतले बारा प्रकार आहेत. ६ए हा एक नाही. वीसच्या लसीत तेराचे तेराही आहेत, वर सात नवे. तेवीस आणि वीसची तुलना केली तर तेवीसमध्ये २, ९एन, १७एफ आणि २० हे चार प्रकार जास्तीचे, आणि वीसमध्ये तेवढा ६ए जास्तीचा. एकूण एकोणीस प्रकार दोघींत सारखेच. तेव्हा तेवीसची लस वीसच्या लसीहून तीन घरं पुढे आहे असं कागदावर वाटलं, तरी वीसच्या लसीचा प्रतिसाद पक्का आणि आठवण ठेवणारा आहे. मला दोन्हींतून एकच निवडायची असेल तर मी वीसची निवडेन.

एकवीसची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ती वीस अधिक एक अशी नाही. तिच्यातून ४, १४, १९एफ असे जुने प्रकार मुद्दाम वगळले आहेत आणि इतर कोणत्याही लसीत नसलेले आठ प्रकार घेतले आहेत. का? अमेरिकेत २००० पासून बाळांना लस मिळू लागली, मुलांच्या नाकातून ते जुने प्रकार हटले, आणि आजीआजोबांनाही ते कमी होऊ लागले. त्यांच्या जागी इतर प्रकार पुढे आले. एकवीसची लस या नव्या चित्रासाठी शिवलेली आहे. पण तिथेच पश्चिमेकडच्या काही भागांत प्रकार ४ अजून बराच आढळतो, आणि तिथे वीसची जास्त सोयीची ठरते.

भारतात बाळांची लस २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशाच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि देशभर पोचली ती २०२१ मध्ये. दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर, अशी ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मुलांतले जुने प्रकार आपल्याकडे अमेरिकेइतके हटले असतील असं गृहीत धरू नका. तिकडची नवी लस ती आपोआप आपल्यासाठीही सरस, हा हिशेब म्हणूनच घाईचा आहे.

बाळांच्या लसीवरून लोक मला हमखास एक विचारतात: “पुण्याच्या सीरमची लस आहे ना, ती स्वस्तात आम्हाला मिळेल का?” सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ डिसेंबर २०२० मध्ये आली, ती दहा प्रकारांची आहे आणि लहान मुलांसाठी आहे. मोठ्यांसाठी ती मागू नका. मात्र घरातल्या नातवाचे तिन्ही डोस वेळेवर झालेत का हे जरूर बघा, कारण हा जंतू आजीपर्यंत पोचतो तो पुष्कळदा नातवाच्या नाकातून.

पायरी ४: किती संरक्षण मिळेल, याचा खरा अंदाज ठेवा

नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८५ हजार लोकांवर तेराच्या लसीची मोठी चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. लसीतल्या तेरा प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाला. याच प्रकारांचा आत घुसलेला आजार ७५ टक्क्यांनी कमी झाला. साधारण चार वर्षांच्या पाहणीत हा परिणाम टिकून होता. पण कोणत्याही कारणाने होणारा न्यूमोनिया धरला, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून काही जण लस नको म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे. न्यूमोनिया विषाणूंनी होतो, इतर जिवाणूंनी होतो, क्षयाच्या जंतूनेही होतो, आणि तेरा प्रकार हा त्यातला एक हिस्सा. पण जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो जंतू रक्तात किंवा मेंदूकडे गेल्यावर, आणि तिथे लसीतल्या प्रकारांचे चारातले तीन आजार टळतात. तेवीसच्या लसीचंही असंच आहे: धडधाकट मोठ्या माणसांत आत घुसलेल्या आजारापासून साधारण ६० ते ७० टक्के बचाव होतो, साध्या न्यूमोनियाबाबत तिचे निकाल कधी असे तर कधी तसे. यादीत नाव आहे म्हणून प्रत्येक प्रकारावर सारखाच असर होतो असंही नाही. प्रकार ३ चिवट आहे. त्याचं कवच जाड असतं आणि लस त्याच्यापुढे कमी पडते.

त्यामुळे लस घेतलेल्या काकांना पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला तर लस वाया गेली असं समजू नका.

पायरी ५: क्रम आणि अंतर ठरवा

आधी कोणतीच न्यूमोकोकल लस घेतलेली नाही, असे बहुतेक असतात. वीसची मिळत असेल तर एक डोस घ्या, काम झालं. तेराची किंवा पंधराचीच मिळत असेल तर ती आधी घ्या आणि एक वर्षाने तेवीसची. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना, कॉक्लिअर इम्प्लांटवाल्यांना आणि मेंदूभोवतीचं पाणी झिरपणाऱ्यांना वर्षभर थांबवत नाहीत. किमान आठ आठवड्यांनी दुसरी देता येते.

पूर्वी नुसती तेवीसची घेतली असेल तर तिच्यापासून एक वर्ष जाऊ द्या, मग पीसीव्ही घ्या. तेराची घेऊन वर्ष झालं असेल तर पुढची तेवीसची किंवा वीसची. दोन्ही घराण्यांच्या लसी एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत. आणि दोन्ही घ्यायच्या आहेत हे आधीच माहीत असेल तर पीसीव्ही नेहमी पहिली, कारण तेवीसची आधी टोचली तर नंतरच्या लसीला शरीर थोडं थंड प्रतिसाद देतं. दुकानात “तेवीसची द्या” म्हणण्यात अडचण आहे ती हीच: लस चांगली, पण क्रम उलटा होतो आणि वर्षभर थांबावं लागतं.

फ्लूच्या लसीसारखी ही दरवर्षी घ्यायची नाही. फक्त प्रतिकारशक्ती दुबळी असून तेवीसच्या लसीवरच असलेल्यांना पाच वर्षांनी तिचा दुसरा डोस लागतो.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहायला निघालेल्या आईवडिलांनी इथलं लसीचं कार्ड सोबत न्यावं. तिकडे औषधाच्या दुकानातही ही लस टोचतात आणि पहिला प्रश्न येतो तो आधी काय घेतलंय हाच.

पायरी ६: लस घ्यायचा दिवस

पीसीव्ही महाग आहे, काही हजार रुपये जातात; तेवीसची तिच्याहून स्वस्त. पण पैसे वाया जातात ते बहुधा साठवणुकीत. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी आणि गोठता कामा नये. दुकानातून दवाखान्यात न्यायची असेल तर आइसपॅक असलेल्या डब्यात न्या, पण बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका. सगळ्यात बरं म्हणजे डॉक्टरांनाच मागवायला सांगायचं आणि त्यांच्याच फ्रिजमधली घ्यायची.

सिरिंज टोचण्याआधी एकदा नीट बघा. पीसीव्हीच्या सिरिंजमध्ये पांढरा गाळ तळाशी बसलेला आणि वर पाण्यासारखा द्रव असं दिसलं तर घाबरू नका, ती तशीच असते. सिस्टर ती आडवी धरून जोरात हलवतील आणि सगळी सारखी दुधाळ होईल. हलवूनही गुठळ्या राहिल्या तर ती वापरायची नाही. तेवीसची लस मात्र नितळ, बिनरंगाची. पेटीवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख तुम्ही स्वतः वाचा; यात संकोच कसला? डोस अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते.

टोचण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. पूर्वी या लसीने किंवा घटसर्पाच्या लसीने अंगावर जोराची ॲलर्जी आली होती का. आज ताप किंवा मोठं आजारपण आहे का. असेल तर बरं झाल्यावर या, साध्या सर्दीसाठी थांबायला नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. असेल तर बारीक सुई वापरतात आणि नंतर दोन-तीन मिनिटं न चोळता दाबून धरायचं. साखर थोडी वाढलेली आहे म्हणून लस पुढे ढकलत बसू नका.

पायरी ७: घेतल्यानंतर

पंधरा मिनिटं दवाखान्यातच बसा. दंड दुखतो, थोडा सुजतो, कधी अंग मोडून येतं, कसकस वाटते. एक-दोन दिवसांत जातं. पॅरासिटामॉल पुरतं. यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लसीने न्यूमोनिया होत नाही. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर धावण्यापेक्षा मे महिन्यात घेतलेली बरी.

कार्डावर लसीचं पूर्ण नाव, आकडा, तारीख आणि बॅच लिहून घ्या. ‘न्यूमोनिया लस दिली’ एवढंच लिहिलेली कार्डं माझ्याकडे येतात तेव्हा पुढचा डोस ठरवताना हात बांधलेले असतात. कार्डाचा फोटो मुलांच्या फोनमध्ये असू द्या.

पायरी ८: लस घेतली तरी हे विसरू नका

एकदम थंडी वाजून ताप, श्वास घेताना बरगडीत कळ, गंजासारखा तांबूस बेडका ही ठरलेली लक्षणं. पण सत्तरीच्या माणसात ताप येईलच असं नाही. आजी जेवण टाकते, असंबद्ध बोलते, न्हाणीघरात तोल जाऊन पडते, आणि घरचे म्हणतात वयामुळे होतंय. अशा वेळी तिला न सांगता नुसतं शेजारी बसून पूर्ण एक मिनिट छातीचे हेलकावे मोजा. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात असेल तर सेल बदलून तोही बोटाला लावा. श्वास मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त असेल, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, मान आखडून डोकं फुटतंय असं ती म्हणत असेल, किंवा ती नेहमीसारखी बोलत नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात न्या. प्लीहा नसलेल्या किंवा सिकलसेलच्या माणसाला नुसता ताप आला तरी सकाळची वाट बघायची नाही, आणि दारातच डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: “यांना प्लीहा नाही,” किंवा “यांना सिकलसेल आहे.”